सकाळचा पहिला सेल्फ: गाडी सुरू व्हायला त्रास देते तेव्हा बिघाड कसा शोधायचा

सुरू व्हायला कुरकुर करणाऱ्या गाडीचा बिघाड जेमतेम पाच-दहा सेकंद दिसतो. किल्ली फिरवली, सेल्फ घरघरला, दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर इंजिनाने कसंबसं पकडलं, की मग दिवसभर गाडी बिनतक्रार चालते. संध्याकाळी तीच गाडी मेकॅनिककडे नेली तर त्याच्यासमोर एका सेल्फला सुरू होते. मग अंदाजाने बॅटरी बदलली जाते, काही दिवसांनी प्लग, त्यानंतर पेट्रोलचा पंप, आणि तक्रार जिथल्या तिथे राहते. बदललेले भाग बहुतेक वेळा चांगलेच असतात. चुकलेली असते ती तपासणीची वेळ. म्हणून इथे सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: गाडी ज्या अवस्थेत त्रास देते, त्याच अवस्थेत आणि त्याच सेकंदांत मोजायचं. इंजिन एकदा सुरू होऊन गरम झालं की निम्मे पुरावे पुसले जातात.

मीटर हातात घेण्याआधी काही दिवस नुसती नोंद ठेवा. गाडी किती वेळ उभी होती, इंजिन गार होतं की गरम, पाऊस किंवा दमट हवा होती का, टाकीत इंधन किती होतं, नुकतंच इंधन भरलं होतं का. सेल्फ किती सेकंद मारावा लागला. ॲक्सिलरेटर दाबल्याने फरक पडला का. सुरू होताना धूर आला का, कोणत्या रंगाचा, पेट्रोलचा वास आला का. डॅशबोर्डवर कोणता दिवा विझला नाही. ही नोंद कंटाळवाणी वाटते, पण महागडं स्कॅनर जे सांगत नाही ते ती सांगते. फक्त सकाळी त्रास, फक्त गरम असताना त्रास आणि फक्त इंधन भरल्यावर त्रास, या तीन तक्रारींची कारणं एकमेकांपासून अगदी लांब आहेत.

सेल्फ कसा फिरतो?

पहिला फाटा इथेच फुटतो. इंजिन नीट फिरत नाही, की नीट फिरतं पण पकडत नाही? पहिल्या प्रकारात शोध विजेकडे जातो, दुसऱ्यात इंधन, ठिणगी आणि हवेकडे. हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

निरोगी सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण २०० फेरे देतो आणि त्याचा ठेका कानाला एकसारखा लागतो. ठेका संथ, ओढल्यासारखा असेल तर बॅटरी, जाड वायरी किंवा खुद्द सेल्फची मोटर. टक-टक-टक अशी भराभर टिकटिक येत असेल तर बॅटरीत सोलेनॉइड (सेल्फच्या मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढण्यापुरता दम आहे, मोटर फिरवण्यापुरता नाही. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. एकच ठणठणीत 'टक' येऊन पुढे शांतता असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत, मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा कुठली तरी जाड जोडणी ढिली आहे. अशा वेळी गाडीतला दिवा लावून किल्ली फिरवा. दिवा एकदम मंदावला तर करंट निघतोय पण बॅटरी किंवा जोडणी कमी पडतेय, नाहीतर मोटर अडकली आहे. दिव्याच्या उजेडात फरकच पडला नाही तर करंट मोटरपर्यंत पोचतच नाही.

काहीच आवाज नसेल तर आधी साधं बघा. ऑटोमॅटिक गाडी पार्कऐवजी न्यूट्रलमध्ये टाकून पाहा. मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण तळापर्यंत दाबा, कारण बऱ्याच गाड्यांत क्लचखालच्या स्विचने परवानगी दिल्याशिवाय सेल्फ लागत नाही. त्यानंतर सेल्फचा रिले (फ्यूजच्या डब्यातला छोटा विजेचा स्विच). शेजारीच तसाच दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहा. मग फ्यूज, आणि शेवटी किल्लीचा इग्निशन स्विच. इमोबिलायझरचा (किल्ली ओळखून चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली वापरून पाहा.

एक आवाज मात्र लक्षात ठेवा. सेल्फ अचानक हलका, सुसाट फिरू लागला, ठेका नाहीसा झाला, इंजिनात दम उरला नाही असं वाटलं, तर लगेच हात आवरा. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा) तुटल्याची किंवा त्याजागी असलेली चेन सरकल्याची ती खूण असू शकते. अनेक इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. जितका जास्त सेल्फ माराल तितकं नुकसान वाढेल.

बॅटरीला तीन वेळा मोजा

बॅटरी नवीन आहे, म्हणून ती भरलेली आहे असं होत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी सकाळी किल्ली लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ म्हणजे जेमतेम पाव. गाडी नुकतीच चालवून आल्यावर घेतलेला आकडा फसवा असतो, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज तो वर चढवून दाखवतो.

दुसरं मोजमाप सेल्फ मारताना. मीटरच्या सुया बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा आणि दुसऱ्या कोणाला किल्ली फिरवायला सांगा. बॅटरी भरलेली असेल आणि हवा फार थंड नसेल, तर आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. तिसरं मोजमाप इंजिन सुरू झाल्यावर: साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आले तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर काम करतोय. नव्या गाड्यांत संगणक हा आकडा गरजेप्रमाणे वर-खाली करतो. त्यामुळे एका क्षणाच्या आकड्यावरून निकाल देऊ नका. हेडलाइट आणि पंखा लावून काही मिनिटं बघा.

हे आकडे शेजारी ठेवले की चित्र उघडं होतं. उभ्या गाडीत १२.६ आणि सेल्फ मारताना ८ आला तर बॅटरी आतून संपली आहे, किंवा मोटर जामून भलताच करंट ओढतेय. उभ्या गाडीत १२.१ आणि सेल्फला ९ आला तर अजून काहीच ठरवू नका. आधी चार्जरवर बॅटरी पूर्ण भरा आणि पुन्हा मोजा. आणि सेल्फ मारताना बॅटरीवर ११ व्होल्ट दिसतायत, तरीही इंजिन रडत-रडत फिरतंय? मग बॅटरीचा काही दोष नाही. वीज वाटेत अडतेय. हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो, आणि चांगल्या बॅटऱ्या फेकल्या जातात त्या याच्यापायी.

वाटेत किती व्होल्ट हरवतात हे मोजायला फक्त मीटर लागतं. लाल सुई बॅटरीच्या धन खुंटावर, काळी सुई सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इंधन पंपाचा फ्यूज काढून ठेवा आणि सेल्फ मारा. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वायरीत किंवा तिच्या जोडण्यांत दोष आहे. मग काळी सुई ऋण खुंटावर आणि लाल सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून तेच करा. इथे ०.३ च्या आत राहायला हवं. इंजिनापासून चॅसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली, तेलाने माखलेली किंवा एखाद्या दुरुस्तीनंतर सैल राहिलेली असते, आणि सारा त्रास तिचाच असतो. वायर वरून धडधाकट दिसली तरी आवरणाखाली तांबं हिरवं पडलेलं असू शकतं. म्हणून डोळ्यांवर नको, मीटरवर विश्वास ठेवा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी ऋण वायर सोडा, मग धन. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने पुसा, कोरडं करा. खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू दोन्ही चकचकीत धातूपर्यंत खरवडा. बसवताना धन आधी, ऋण शेवटी. क्लॅम्प हाताने हलत असेल तर तो घट्ट नाही.

बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला, जोडण्या स्वच्छ, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी मरते, अशी तक्रार असेल तर कोणीतरी गुपचूप करंट पितंय. ऋण वायर सोडून खुंट आणि वायर यांच्या मध्ये मीटर अँपिअरच्या १० च्या खाचेत लावा. त्या अवस्थेत सेल्फ चुकूनही मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. सगळी दारं बंद करून, किल्ली गाडीपासून लांब ठेवून, अर्धा-पाऊण तास थांबा. आजच्या गाड्यांतले संगणक एकामागून एक झोपी जायला तेवढा वेळ घेतात. घाईत मोजलं तर चांगल्या गाडीतही मोठा आकडा दिसतो. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आसपास किंवा खाली स्थिरावलं तर ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर तो दिवसाला १२ अँपिअर-तास खातो, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत निम्म्यावर येते. मग कोणत्या सर्किटातून गळती आहे ते शोधायला एकेक फ्यूज उपटत बसण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बिंदूंमध्ये मिलिव्होल्ट मोजा. करंट वाहत असेल तिथेच काही आकडा दिसेल, आणि फ्यूज न काढल्याने झोपलेले संगणक जागे होणार नाहीत. माझा पहिला संशय नेहमी नंतर बसवलेल्या वस्तूंवर जातो: म्युझिक सिस्टीम, कॅमेरा, ट्रॅकर, रिमोट लॉक.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही

इथून पुढे गार इंजिन आणि गरम इंजिन असे दोन वेगळे तपास आहेत. आधी सकाळचा.

पेट्रोल गाडीत किल्ली चालू करताच, सेल्फ न मारता, मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोनेक सेकंद 'ऊंऽऽ' असा बारीक आवाज यायला हवा. तो पंप पाइपात दाब भरतोय. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, वायरिंग, पंप या क्रमाने जा. आवाज येत असेल, तर मला सर्वांत आवडणारी आणि फुकटची चाचणी करा. रात्रभर उभ्या गाडीची किल्ली चालू करा, पंप थांबेपर्यंत थांबा, बंद करा. असं तीनदा करून मगच सेल्फ मारा. एरवी आठ-दहा सेकंद घेणारं इंजिन आता चटकन पकडत असेल, तर रात्रीतून पाइपातला दाब उतरतोय हे जवळपास नक्की झालं.

दाब उतरण्याच्या वाटा मोजक्या आहेत. टाकीतल्या पंपाचा उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह, दाब ठरवणारा रेग्युलेटर, किंवा ठिबकणारा इंजेक्टर. खात्री करायला रेलवर (इंजेक्टरांना इंधन वाटणाऱ्या नळीवर) दाबमापक लावावा लागतो. इनलेटमध्ये फवारा मारणाऱ्या बहुतेक इंजिनांत दाब ३ ते ४ बारच्या आसपास असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा. पंप थांबल्यावर तो काही मिनिटांतच शून्याकडे कोसळला तर गळती आहे. ती कुठे, हे पाइप चिमटून कळतं. टाकीकडचा पाइप अडवल्यावर दाब टिकला तर दोष पंपाच्या बाजूला. तरीही उतरत राहिला तर इंजेक्टर किंवा रेग्युलेटर. ठिबकणाऱ्या इंजेक्टरची आणखी एक खूण म्हणजे सुरू होताना पेट्रोलचा वास आणि काळसर धूर. हे काम गार इंजिनावर, मोकळ्या हवेत करा. प्लास्टिकचे पाइप चिमटू नका, ते तडकतात. सिलिंडरमध्ये थेट फवारा मारणाऱ्या इंजिनांत पंपापुढचा दाब शेकड्यात जातो, त्या पाइपांना घरी हात लावू नका.

दाब ठीक आहे, तरी सकाळी गाडी रडते. मग कूलंटचा तापमान सेन्सर. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, पण गार इंजिनात बरंचसं पेट्रोल वाफ न होता भिंतींना चिकटतं. म्हणून सुरू होताना संगणक जास्त पेट्रोल सोडतो. किती जास्त, हे तो प्रामुख्याने या छोट्या सेन्सरला विचारून ठरवतो. सेन्सरने गार इंजिनाला गरम म्हटलं तर पेट्रोल कमी पडतं आणि गाडी पकडत नाही. गरम इंजिनाला गार म्हटलं तर पेट्रोलचा पूर येतो.

तपासणी सोपी आहे. ओबीडीचं (गाडीच्या संगणकातले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं) साधं रीडर लावा आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी दोन आकडे वाचा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही एकमेकांच्या आणि बाहेरच्या हवेच्या जवळ असायला हवेत. उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा प्लग निघाला आहे. पण खरा वैताग असतो तो मधल्या खोट्या आकड्याचा. इंजिन २० अंशांवर असताना सेन्सर ५५ म्हणत असेल, तर तो आकडा संगणकाला शक्य वाटतो आणि बऱ्याचदा कुठलाही कोड नोंदला जात नाही. 'स्कॅनरला काही आलं नाही' या उत्तरावर म्हणूनच थांबू नये. कोड नसला तरी आकडे वाचावेत, आणि तेही गार गाडीवर. सेन्सर काढून तपासायचा असेल तर २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असा रोध पुष्कळ गाड्यांत मिळतो. तापमान वाढलं की रोध घटतो.

प्लग काढून बघणं जुनं काम आहे, पण अजूनही बोलकं. सेल्फ मारूनही सुरू न झालेल्या इंजिनाचे प्लग लगेच काढा. ओले आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंधन पोचतंय, ठिणगी नाही किंवा अशक्त आहे. खडखडीत कोरडे असतील तर इंधनच पोचलं नाही. टोकं झिजून गोल झाली असतील, फट गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा वाढली असेल (बहुतेकांत ती ०.७ ते १.१ मिलिमीटर असते) तर बदला. दमट हवेत किंवा पावसातच त्रास होत असेल तर ठिणगीची वीज देणारी कॉइल, तिचं रबरी बूट आणि जुन्या गाडीत प्लगच्या वायरी अंधारात बघा. तडा असेल तर निळसर ठिणग्या दिसतात.

ॲक्सिलरेटरचा पायही काही सांगतो. पेडल किंचित दाबलं की लगेच सुरू होते आणि सोडलं की बंद पडते, म्हणजे हवा कमी पडतेय. थ्रॉटल बॉडी (इंजिनात येणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) कार्बनने काळी झाली असेल, किंवा आयडलचा (पेडल न दाबता इंजिन चालू ठेवणारा) व्हॉल्व्ह अडकला असेल. साफसफाईने बहुधा काम होतं. उलट, पेडल पूर्ण तळापर्यंत दाबून सेल्फ मारल्यावरच सुरू होत असेल तर इंजिनात पेट्रोल जास्त झालंय. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत सेल्फच्या वेळी पूर्ण पेडल दाबलं की संगणक पेट्रोल सोडणं थांबवतो आणि साचलेलं बाहेर पडतं. गाडी महिनोन्‌महिने उभी होती का, हेही आठवा. जुन्या पेट्रोलातला पटकन वाफ होणारा भाग उडून गेलेला असतो, आणि मग सगळे सेन्सर चांगले असूनही गार इंजिन पकडत नाही.

गरम गाडी हट्ट करते तेव्हा

सकाळी एका सेल्फला सुरू होते, पण लांबच्या प्रवासानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबलं की सुरू व्हायला नकार. अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप ठीक. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि पाणी थांबतं, त्यामुळे बोनेटखालची उष्णता काही काळ वाढतच जाते, आणि ज्याला ती सोसत नाही तो भाग मान टाकतो.

इथे माझा पहिला संशय क्रँकशाफ्ट सेन्सरवर. इंजिन फिरतंय हे संगणकाला तोच सांगतो. त्याचा संदेश थांबला की ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद. त्रास होत असतानाच स्कॅनरवर आरपीएम (मिनिटाला फेरे) बघा. सेल्फ जोरात फिरतोय आणि स्कॅनर शून्य म्हणतोय, तर सेन्सर किंवा त्याची वायर. पी ०३३५ हा कोड मिळाला तर उत्तमच, पण आरपीएमचा शून्य हा जास्त ताजा पुरावा आहे. हे दहा मिनिटांनी बघून उपयोग नाही. रीडर गाडीत ठेवा आणि गाडी जिथे अडेल तिथेच लावा.

आरपीएम व्यवस्थित दिसत असेल तर रेलमध्ये उकळणारं पेट्रोल किंवा ठिबकणारा इंजेक्टर. किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करून फरक पडला तर पहिलं, पूर्ण पेडलने फरक पडला तर दुसरं. गरम असताना सेल्फच संथ होत असेल तर ती इंधनाची तक्रार नाहीच. झिजलेली मोटर तापल्यावर जास्त करंट मागते, आणि वरचं व्होल्टेज मोजण्याचं काम गरम अवस्थेत पुन्हा करावं लागतं.

फक्त इंधन भरल्यावर त्रास होतो, बाकी कधीच नाही? मग टाकीतली वाफ इंजिनाकडे नेणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. भरताना टाकीतून उसळलेली वाफ थेट इंजिनात जाते आणि मिश्रण जड होतं. वीज नसताना हा व्हॉल्व्ह बंद असायला हवा. काढून फुंकून बघा, हवा पार गेली तर बदला. पंपाचं पिस्तूल आपोआप थांबल्यावर आणखी ठासून भरायची सवय असेल तर ती सोडा, त्याने टाकीची वाफ साठवणाऱ्या कोळशाच्या डब्यात पातळ पेट्रोल शिरतं.

डिझेल

डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेटतं. त्यामुळे संथ सेल्फ इथे दुप्पट नडतो. म्हणून बॅटरीची तपासणी आधी. गार सकाळी सुरू होताना पांढरा, डिझेलच्या वासाचा धूर आणि इंजिनाची थरथर असेल तर हीटर प्लग (सिलिंडरमधली हवा तापवणारे) बघा. वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिन यांच्यातला रोध मोजा. चांगल्या प्लगचा एक-दोन ओहमच्या आत येतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर तो जळालाय. सगळेच चांगले निघाले तर रिलेतून वीज पोचते का बघा. पण उबदार हवेतही गाडी त्रास देत असेल तर हीटर प्लगच्या मागे लागू नका. तेव्हा इंधनाकडे वळा.

फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर सुरू झालेला त्रास बहुधा एअर घेतल्याचा असतो. पंपाआधीच्या पाइपात पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. फिल्टरची ओ-रिंग, पाइपांचे जोड आणि हातपंपाचं रबर हे नेहमीचे चोर. गंमत म्हणजे अशा ठिकाणी डिझेल बाहेर टपकेलच असं नाही, कारण तिथे पंपाचं शोषण असतं आणि हवा आत येते. फिल्टरच्या तळाचं पाणीही काढा.

कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) रेलचा दाब एका मर्यादेपर्यंत चढल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडतच नाही. ही मर्यादा सहसा २०० बारच्या आसपास असते. सेल्फ मारताना स्कॅनरवर तो आकडा बघा. रेंगाळत चढत असेल तर इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना सारख्या बाटल्या लावून कुठला जास्त परत सोडतोय ते मेकॅनिककडून तपासून घ्या. रेलचे पाइप स्वतः कधीच सैल करू नका. चालत्या इंजिनात तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि ती धार कातडीत शिरते. आणि हीटर प्लग असलेल्या इंजिनात सुरू करायचा ईथरचा स्प्रे मारू नका, तो वेळेआधी पेटून पिस्टन आणि रिंगा फोडू शकतो.

गॅस आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्या सुरू होतात पेट्रोलवर आणि मग गॅसवर जातात. पेट्रोल तळाला लागलेलं किंवा शिळं असेल, पंप कोरडा चालून झिजला असेल, तर गॅसची टाकी भरलेली असूनही सकाळ रडतच जाते. टाकीत ताजं पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवरच चालवा.

सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडत असेल, आणि दर वेळी तितक्याच वेळात, तर इमोबिलायझर. बंद पडण्याची वेळ बदलत असेल तर हवेची गळती किंवा इंधनाचा दाब.

यातलं काहीच सापडलं नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, पंपाचा फ्यूज काढलेला. पेट्रोल इंजिनात १० ते १३ बार मिळतात. सिलिंडरांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. सगळ्यांतच सारखा कमी आला तर चेनचं किंवा बेल्टचं टायमिंग.

तपासताना आणि दुसऱ्याकडे देताना

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये निदान मिनिटभर थांबा. मोटर पटकन तापते. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीने सुरू करायचं झालं तर लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या धनावर, मग चांगल्याच्या धनावर. काळी आधी चांगल्याच्या ऋणावर आणि शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या धातूवर, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीची ठिणगी त्याच्याजवळ नको. उधारीच्या विजेवर गाडी लगेच सुरू झाली तर दोष बॅटरी किंवा चार्जिंगचा. तरीही संथच फिरली तर वायरी किंवा मोटर. म्हणजे ही मदतसुद्धा एक चाचणीच आहे.

मेकॅनिककडे गाडी संध्याकाळी सोडा आणि सकाळचा पहिला सेल्फ त्यानेच मारावा असं स्पष्ट सांगा. गरम गाडीची तक्रार असेल तर त्याला शेजारी बसवून गाडी तापवा, बंद करा आणि वीस मिनिटांनी सोबतच सुरू करा. तुमची नोंद त्याच्या हातात द्या. एका वेळी एकच भाग बदलायला सांगा आणि काढलेला भाग परत घ्या. दुरुस्तीनंतर पहिल्याच झटक्याला सुरू झालेल्या गरम गाडीवर समाधान मानू नका. रात्रभर उभी ठेवा, सकाळी तेच आकडे पुन्हा वाचा: उभी बॅटरी, सेल्फच्या वेळचं व्होल्टेज, कूलंटचं तापमान, पकडायला लागलेले सेकंद. लागोपाठ तीन-चार सकाळी ते चांगले आले तरच काम झालं समजा. बॅटरी सोडून बसवली असेल तर पहिले काही किलोमीटर आयडल थोडं वर-खाली होईल. संगणक थ्रॉटलची जागा पुन्हा शिकत असतो, त्याला बिघाड समजून नवी दुरुस्ती काढू नका.